पुढचं डावं चाक

झेंडूला वास नसतो असं म्हणणाऱ्या माणसाला एकदा आमच्याकडे राहायला पाठवा. भाद्रपद सरत आला की शहाडच्या आमच्या बैठ्या चाळीसमोर पिकअप उभी राहते, हौद्यात गोणीवर गोणी, आणि तो तुरट, हिरवट, औषधासारखा वास थेट उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचतो. भाजीला येतो, वाळत घातलेल्या कपड्यांना येतो. नवरात्र जवळ आलं हे मला कॅलेंडर बघून कळत नाही, नाकानं कळतं. आजूबाजूच्या बायका ह्या दिवसांत नऊ रंगांच्या साड्या काढून ठेवतात. मी मात्र दिवस कलला की दाराकडे पाठ करून बसते.

का ते सांगते. आमची पिकअप म्हातारी आहे. तिला तिच्या मूळ मापापेक्षा मोठी, मोठ्या टेम्पोची चाकं बसवलेली आहेत. ती बसवल्यापासून स्टिअरिंग पूर्ण वळवलं, ड्रायव्हर लोक ज्याला फुल कट म्हणतात तो मारला, की पुढचं डावं चाक आत मडगार्डला घासतं. खर्रर्र. लांब, खरखरीत आणि शेवटी थोडा वर जाणारा आवाज. सरळ रस्त्याला तो येत नाही. बाजारात येत नाही. आमच्या आळीत शिरतानाचं वळण मात्र असं अडचणीचं, मध्येच विजेचा खांब, की तिथे फुल कट मारावाच लागायचा. म्हणजे तो आवाज एकाच ठिकाणी यायचा आणि त्याचा अर्थही एकच असायचा. हे घरी आले.

हे म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आवाज अजून येतो.

यंदाच्या पहिल्या गोण्या आल्या त्या संध्याकाळी संजूनं, म्हणजे माझ्या धाकट्या दिरानं, कप बशीत ठेवता ठेवता विषय काढला. गाडी आता तोच चालवतो. शेजारच्याच खोलीत राहतो. बायको कंपनीतून यायच्या आत माझ्याकडे चहा घेतो आणि मग आपल्या घरी जातो.

"वहिनी, चाकं काढावी लागतील."

"कुठली चाकं?"

"गाडीची. मोठी काढून मूळ मापाची घालायची. मिस्त्रीकडे गेलेलो. तो बोलला, बेअरिंग गेलीत, स्टिअरिंगचे जोड खिळखिळे झालेत. एवढी चाकं तिला आता झेपत नाहीत."

"इतकी वर्षं बरी झेपली!"

"झेपवली म्हणून तर जोड गेले ना, वहिनी."

"कर बाबा तुला काय करायचं ते," असं म्हणून मी उठले आणि भांडी घासायला घेतली. नुसती विसळायची होती, पण घासली. पातेल्याच्या बुडाचा सगळा राग काढला. मला नक्की काय झालंय तेच मला कळेना. ज्या आवाजानं रोज संध्याकाळी माझा जीव अर्धा होतो, तो जाणार म्हटल्यावर हायसं वाटायला हवं होतं. पण हायसं नाही वाटलं. घाबरायला झालं.

मोठी चाकं बसवली तो हंगाम मला सलग आठवत नाही, तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. माळशेजचा रस्ता जागोजाग उखडलेला. वर ओतूरकडच्या आमच्या गावी तर डांबरी सोडून शेताकडे वळलं की नुसता राडा. सगळ्यांचे टेम्पो डांबरीवरच थांबायचे. फूल शेतातून डोक्यावरून तिथपर्यंत यायचं आणि तोवर गोणीत तापायचं. झेंडू तापला की आतून काळा पडतो. वरून हसरा दिसतो, पण हात घातला की लिबलिबीत लागतो. ह्यांना त्याचा फार त्रास व्हायचा. "आपली गाडी बांधापर्यंत गेली ना, तर आपल्या फुलासारखं फूल बाजारात दिसायचं नाही." जेवताना हेच, झोपताना हेच. शेवटी मी म्हटलं, "न्या एकदाची बांधापर्यंत, नाहीतर विमान घ्या, पण मला दोन घास सुखानं खाऊ द्या."

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. त्या दिवशी मी घटासाठी परडी आणि माती आणायला म्हणून त्यांच्याबरोबर कल्याणला निघाले होते, आणि गाडी मुरबाड रोडवरच्या टायरवाल्यापुढे जाऊन थांबली. संजू हौद्यातून उडी मारून उतरला. बघते तर चार दांडगी चाकं आधीच काढून ठेवलेली. जाड रबर, त्यावर बोटभर खोल नक्षी, लोखंडी डिस्कसकट. दोघा भावांचा बेत आधीच शिजला होता, मला तेवढा पत्ता नव्हता.

टायरवाल्यानं जॅक लावला, एक चाक चढवून बघितलं, स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवलं आणि मान हलवली. "साब, बोल्ट के होल तो बराबर हैं, बैठ जाएगा. लेकिन आगे घासेगा."

"कधी घासेगा?"

"फुल कट मारोगे तो."

"अरे, रस्त्यावर कोण फुल कट मारतंय!" हे हसले. "घासला तर घासू दे."

झालं. चार चाकं बसली, जुनी चार टायरवाल्यानं ठेवून घेतली. पाचवं चाक, स्टेपनी, मात्र जुनंच राहिलं. लहान. विसरले म्हणा किंवा पुढच्या हंगामाला बघू म्हणा, ह्यांच्याकडे दोन्हीचा अर्थ एकच व्हायचा. संजू ते बघून खो खो हसायला लागला. तो अंगानं बुटका, हे चांगले उंचेपुरे. "दादा, ही तर आपली जोडी झाली! तू गाडी, मी स्टेपनी." टायरवालासुद्धा हसला. मीपण हसले.

गाडी एवढी उंच झाली की साडीत चढायची पंचाईत. ह्यांनी सीटमागे एक पाट ठेवला माझ्यासाठी. चाळीत पोचायच्या आधीच शेजारणी बाहेर आल्या होत्या, मला उतरताना बघून म्हणाल्या, "अगं बाई, अंबारीतून आलीस की काय!" पण त्याच्या आधी, आळीत शिरताना, खांबाला वळसा घालायला ह्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि डाव्या बाजूनं तो आवाज आला. खर्रर्र. घाट, बांध, बाजार, सगळ्या रस्त्यांचा विचार केला होता ह्या माणसानं. घरच्या वळणाचा तेवढा राहिला होता.

मग दोन दिवस ठोकाठोकी चालली. मडगार्डची कड हातोडीनं आत घेतली, थोडा पत्रा कापला, तरी घासायचं ते घासायचंच. शेवटी ह्यांनी हातोडी टाकली. "राहू दे. हॉर्नचं काम झालं. हा आवाज आला की तू चहा टाकत जा."

ह्यांचा चहा म्हणजे चहा नव्हे, पाक. साखर इतकी की चमचा उभा राहावा, आणि वर गवती चहाची पात. मी म्हणायचे, "सरळ साखर खा ना, पाणी कशाला तापवू?" पण आवाज आला की हात आपोआप पातेल्याकडे जायचा. गाडी लावून, ताडपत्री बांधून, पाय धुऊन ते आत येईपर्यंत कप भरलेला असायचा. सकाळी निघायचे, वर माल भरायचे, दिवेलागणीला घरी, आणि पहाटे कल्याणच्या बाजारात. तो सगळा हंगाम आमचं घर त्या एका आवाजावर चाललं.

एकदा मीही गेले होते त्यांच्याबरोबर. हौसेनंच. मोठ्या चाकांनी गाडीचा वेग दाखवणारा काटा बिघडला होता, म्हणजे गाडी पळायची जास्त आणि काटा दाखवायचा कमी. "आपली गाडी बोलते कमी, चालते जास्त," हे मोठ्या कौतुकानं म्हणाले. मी म्हटलं, "मालक उलटा आहे तिचा." घाटात मात्र तिची छाती भरून यायची. चाकं मोठी, इंजिन तेच, चढाला कुंथत कुंथत जायची. पण शेतात शिरली तेव्हा खरंच बघण्यासारखी होती. दुसऱ्यांचे टेम्पो मागे डांबरीवर ताटकळलेले आणि आमची गाडी चिखल तुडवत सरळ बांधाला.

बांधावर धुकं उतरलेलं. समोर नुसता केशरी रंग, त्यात फूल तोडणाऱ्या बायकांची डोकी. हे गोणी घ्यायला म्हणून आत गेले आणि चार पावलांत दिसेनासे झाले. मला उगाच भीती वाटली. मी हाक मारली, "अहो, कुठे आहात?"

"इथेच आहे गं," धुक्यातून आवाज आला.

बस, एवढंच. त्यात आठवणीत ठेवण्यासारखं काही नव्हतं. पण आता मधूनच, म्हणजे दळण आणताना, बँकेत रांगेत उभी असताना, तो आवाज येतो. इथेच आहे गं. मी वळूनसुद्धा बघते. लोकांना वाटत असेल, ह्या बाईचं काहीतरी हरवलंय.

त्याच हंगामातली आणखी एक संध्याकाळ आहे. ती कुणाला सांगितलेली नाही, आणि सांगण्यासारखं त्यात काही नाहीच. त्या दिवशी आवाज आला नाही. अंधारून आलं, देवापुढे दिवा लावला, तरी नाही. मी फुलं निवडत बसले होते, दसऱ्याच्या तोरणासाठी घरची ठेवली होती ती. सहज मान वर केली तर दारात हे उभे. मी अशी दचकले की मांडीवरची परात उलटली. "कधी आलात?"

"मघाशीच."

"मग हाक नाही मारायची?"

"तुला बघत होतो," म्हणाले.

पुढचं डावं चाक पंक्चर झालं होतं आणि त्या जागी ती बुटकी स्टेपनी लावली होती. एका बाजूनं कललेली गाडी हळूहळू चालवत घाटातून आणली होती बिचाऱ्यांनी. लहान चाक घासायचं नाही, म्हणून आवाज नाही. मी त्यांना भरपूर बोलले. चार चाकं घेतली तेव्हा पाचवं घ्यायला काय झालं होतं, मध्येच काही झालं असतं म्हणजे, वगैरे. ते ऐकून घेत फुलं गोळा करत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला 'बघत होतो' असं कधी म्हटलं नव्हतं, आणि मी नेमकं तेव्हाच स्टेपनीवरून भांडत होते.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. आमच्याकडे प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी पुढे घेऊन ते फोडतात. हे करून झाल्यावर ह्यांनी उरलेली एक छोटी माळ स्टेपनीला घातली. "तीपण गाडीचीच आहे." संजूनं लगेच आपली मान पुढे केली. ह्यांनी त्याच्याही गळ्यात माळ टाकली.

दिवाळी तोंडावर आली होती. पहाटे दोघं भाऊ बाजारात गेले. गोण्या उतरवून झाल्यावर हे म्हणाले, जरा टेकतो. पुढच्या डाव्या चाकाला पाठ लावून खाली बसले. बाजारात असं कुणीही बसतं, कोण लक्ष देणार? संजू चहा घेऊन आला तोवर मान एका बाजूला गेली होती. दवाखान्यात नेलं, पण तिथे फक्त सांगायचं तेवढं सांगितलं.

हे मला नंतर समजलं. आधी काय झालं ते वेगळंच आहे. मी प्राजूची, माझ्या मुलीची, वेणी घालत होते. ती तेव्हा नववीत. शाळेची वेळ, आणि वळणावर आवाज आला. खर्रर्र. मला इतकं बरं वाटलं! आज लवकर सुटले, म्हटलं. वेणी अर्धी सोडून मी उठले. आधण ठेवलं, साखर घातली, पात धुऊन घातली. दारात संजू येऊन उभा राहिला. एकटा. मी म्हटलं, "हे पाय धुताहेत का?"

तो मला न्यायला आला होता. उंबऱ्यावर खाली बसला. मग काय झालं, कोण आलं, मला धड आठवत नाही. तो चहा गॅसवर आटत राहिला. पातेलं करपलं तेव्हा कुणाला तरी जाग आली. करपलेल्या साखरेचा वास आणि झेंडूचा वास, दोन्ही एकत्र. आजही कुणाकडे पाक करपला की मी तिथून उठते.

बारावं झालं आणि संजूनं गाडी बाहेर काढली. धंदा कुणासाठी थांबत नाही, आणि आमच्या तर दोन चुली त्यावर. त्या संध्याकाळी, दिवे लागले, आणि वळणावर आवाज आला. माझे हात पातेल्याकडे गेले. मला थांबवताच आले नाहीत. तेव्हापासून आजपर्यंत रोज तेच, तोच साखरेचा पाक. टायर काही तेच राहिलेले नाहीत, घाटाच्या रस्त्याला टायर टिकतात कुठे. संजूनं नवे घेतले, पुन्हा घेतले, त्याच मापाचे. मोठी स्टेपनीही घेतली. ती जुनी बुटकी स्टेपनी आमच्या पायरीशी पडून राहिली, मी तिच्यावर बसून भाजी निवडते. सगळं बदलत गेलं, आवाज तेवढा राहिला.

तो आवाज आला की संजू दारात दिसेपर्यंत मध्ये थोडा वेळ जातो. ताडपत्री बांधण्याइतका, पाय धुण्याइतका. तेवढा वेळ हे असतात. मी वेडी नाही. मला सगळं ठाऊक आहे, अग्नी दिलेला माझ्या डोळ्यांसमोर. पण तेवढा वेळ ते बाहेर ताडपत्री बांधत असतात, ह्यात मला तिळमात्र शंका नसते. मग दारात संजू येतो. आणि मला त्याचा राग येतो. त्या गरिबाचा काय दोष? माझ्या लग्नात हा शाळेत जाणारा पोरगा, करवल्यांमागे लपलेला. माझ्या प्राजूचं शिक्षण, लग्न, सगळं ह्यानं गाडी चालवून केलं. तरी राग येतो. तू का आलास, असं आतून येतं. ते गिळायचं, कप पुढे करायचा, आणि विचारायचं, "आज घाटात धुकं होतं का रे?" हे रोजचं.

चाकांचं मी प्राजूला फोनवर सांगितलं. ती आता वर्तकनगरला असते. आधी म्हणाली, "आई, टायर बदलताहेत, जावई नाही बदलत तुझा. एवढं काय?" मी फोन ठेवणारच होते, तेवढ्यात हळूच म्हणाली, "आई, तू कधी विचारलं नाहीस. मी माहेरी आले की संध्याकाळच्या आत का निघते, ते."

"अगं, तुझं ट्रॅफिक असतं ना घोडबंदरचं."

"ट्रॅफिक कसलं! तो आवाज आला की मला अजून वाटतं, माझी वेणी अर्धीच राहिलीये."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तेव्हा फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संजू पुन्हा चहाला बसला होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते. तोच म्हणाला, "वहिनी, मी काय म्हणतो, मडगार्डला आतून पत्र्याची पट्टी लावून घेतो. चाक लहान झालं तरी कट मारला की घासेल. आवाज राहील."

एवढा मोठा बाप्या माणूस, गाडीला मुद्दाम दोष लावून घ्यायला निघालेला. आणि मग एकदम काहीतरी डोक्यात आलं. वळणावरचा तो खांब. रस्ता सिमेंटचा केला तेव्हाच तो खांब काढून पलीकडे लावला. आता त्या वळणावर ट्रक वळतो. शाळेची बस वळते. रोज त्या बाजूनं भाजी आणायला जाते मी, आणि माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

"संजू, वळण तर केव्हाच मोठं झालं. फुल कट कशाला लागतो आता?"

त्यानं कप खाली ठेवला.

"नाही लागत."

"मग?"

"मुद्दाम मारतो." मग घाईघाईनं म्हणाला, "तुम्ही चहा टाकता ना त्या आवाजावर. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटतं."

मला रडू आलं नाही, राग आला. इतक्या वर्षांचा सगळा एकदम. मी म्हटलं, "बरं वाटतं? अरे, मला रोज वाटतं की हे आले. रोज! आणि मग दारात तू दिसतोस."

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द बाहेर पडला होता. संजूनं मान खाली घातली नाही, रागावलाही नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "माहीत आहे, वहिनी. रोज दारातून तुमचं तोंड मीच बघतो ना."

"तरी मारतोस कट?"

"तेवढ्यापुरता दादा येतो ना घरी. मग नंतर मी दिसलो तर दिसलो."

बाहेर कुणाच्या तरी घरी आरतीची प्रॅक्टिस चालली होती, लहान मुलं टाळ्या चुकवत होती. शेवटी मी म्हटलं, "पट्टी नको लावूस, बाळा." त्याला मी कित्येक वर्षांनी बाळा म्हटलं असेन.

चाकं बदलायला मीही गेले. त्याच रस्त्यावर, दुकान मात्र दुसरं. जॅक लागला, मोठी चाकं एकेक करून उतरली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मी पुढच्या डाव्या चाकावर हात ठेवला. गरम होतं, उन्हात होतं म्हणून. संजू आमच्या पायरीजवळची ती बुटकी स्टेपनी घेऊन आला होता. दुकानातल्या माणसानं तिची डिस्क घासूनपुसून नवा टायर चढवला, बघितलं आणि म्हणाला, "तुमच्या चाकांत ही एकच ह्या गाडीच्या मापाची आहे." ती पुन्हा स्टेपनीच्या जागी गेली. मूळ मापाची चार चाकं चढली आणि गाडी खाली बसली. पाट न घेता मी चढले, आणि घरी येताना ते वळण कधी गेलं मला समजलंसुद्धा नाही.

त्यानंतरची पहिली संध्याकाळ. संजू सकाळीच वर माल भरायला गेलेला. दुपारपर्यंत मी ठीक होते. दिवा लावला आणि मग कान सुरू झाले. रिक्षा गेली. दूधवाला आला. वळणावर कुणीतरी ब्रेक मारला, तो दुसराच. आणि मला त्या आवाज नसलेल्या संध्याकाळची आठवण आली, मांडीवर परात, दारात हे उभे, 'तुला बघत होतो'. माझ्या अंगावर काटा आला. आवाज होता तेव्हा निदान ठरलेल्या वेळी यायचे. आता आवाजच नाही म्हटल्यावर कधीही येतील. मी भाजी चिरताना येतील, केस विंचरताना येतील, आणि मला कळणारही नाही की दारात उभे राहून बघताहेत. मी दाराकडे पाठ करून बसले होते ती उठले आणि दाराकडे तोंड करून बसले. खरं सांगते, मला त्यांची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात आळीच्या टोकापासून हाक आली. अगदी वळणापासून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढी.

"वहिनीऽ! मी आलोय. संजू!"

गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होता. शेजारीण दारात येऊन बघायला लागली, ह्याला काय झालं म्हणून. तो गाडी लावेपर्यंत आणखी एकदा ओरडला. ताडपत्री बांधली, पाय धुतले आणि दारात आला. माझा संजू. कानाजवळचे केस सगळे पांढरे झालेले, डोळ्यांखाली काळं. मला एकदम दिसलं की तो आता ह्यांच्यापेक्षा वयानं मोठा झालाय. हे गेले तेव्हा असे नव्हते, तरुण होते.

मला राग आला नाही. आधण ठेवायला उठले. सवयीनं साखरेचा डबा हातात घेतला, झाकण काढलं, चमचा भरला आणि तसाच धरून थांबले. इतक्या वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं.

"संजू, साखर किती घालू रे तुला?"

तो पंचाला तोंड पुसत होता. पुसता पुसता थांबला.

"नको, वहिनी. मी बिनसाखरेचाच घेतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मी चमचा डब्यात रिकामा केला आणि झाकण लावलं.